दादाच्या वाटणीचा द्रोण

द्राक्षांच्या मुलखात लोक मळ्यांमधून दिवसभर हिंडतात, असं वाचलं की मला पांढरकवड्याकडचे आमचे डोंगर आठवतात. तिथे वेल नाही, मोह आहे. साठ सालाच्या पुढेमागे, एका चैत्रात, मी त्या डोंगरांतून दिवसभर चाललो. तसा सुखाचा दिवस पुढे फारसा आला नाही, आणि हे लिहितानाही चोरट्यासारखं वाटतं. कारण सोबत दादा होता, आणि तो माहेरी निघून गेलेल्या वहिनीला परत आणायला चालला होता.

दादा प्यायचा. वहिनी होळीआधीच गेली. त्यानंतर त्यानं थेंबही घेतला नाही, आणि एका पहाटे मला हलवून म्हणाला, "चाल बाबू. एकट्यानं तिच्या बापासमोर उभं राह्याची हिंमत नाही मले."

सडकेनं मोठा फेरा पडायचा, म्हणून आम्ही रानातून निघालो. सागाला पान नव्हतं. मोहाला तांबूस पालवी फुटत होती. बायांनी झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन मोकळी केलेली, आणि त्या काळ्या भुईवर पिवळट फुलं टपटप पडत होती. वासानं डोकं जड व्हायचं. मी फुलं वेचून तोंडात टाकत होतो. दादा नाकाला दुपट्टा बांधून पुढे चालला होता.

"तुले मजा वाटून राह्यली," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. वाटत होती.

दुपारी कोलामांच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, पाणी मागितलं. तिथला एक म्हातारा दादाच्या ओळखीचा निघाला. "काहून पाटील, वाट भुलले का?" म्हणत त्यानं पळसाच्या पानांचे दोन द्रोण पुढे केले. त्यात पाणी नव्हतं, मोहाची दारू होती. नव्या फुलांची पहिली भट्टी त्याच दिवशी उतरली होती, आणि दारात आलेल्या माणसानं पहिली धार नाकारली तर झाडं रुसतात, असं तो मानायचा. त्यानं चार थेंब देवाच्या नावानं भुईवर शिंपडले आणि आमच्याकडे पाहत उभा राहिला.

दादानं द्रोण हातात घेतला. "बुढेबा, म्या सोडली."

"सोडली त सोडली. देवाचं त घ्या!"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी तोवर कधी प्यालो नव्हतो. माझा द्रोण मी संपवला, मग त्याच्या हातातला काढून घेतला आणि तोही संपवला.

म्हातारा खो खो हसला. "दोघा भावायचं पोट एकच हाये म्हना! चालते."

पुढची टेकडी मी दादाच्या खांद्यावर भार टाकून उतरलो. गाणी म्हणत होतो म्हणे.

वहिनीचे वडील अंगणातच होते. आम्हाला गळ्यात गळा घालून येताना पाहून ते घराकडे ओरडले, "ये व बाहीर! तुया नवरा आला. सोबतीले भावालेही पाजून आनलं!"

वहिनी दारात आली. दादा मान खाली घालून उभा होता. "म्या नाही पेलो," एवढंच तो म्हणाला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"भावजी, किती?"

"दोन. एक दादाच्या वाटणीचा," मी म्हणालो, आणि त्यांच्या स्वच्छ सारवलेल्या अंगणात ओकलो.

वहिनीनं माझ्या हातांवर पाणी ओतलं. राख आणून टाकली. मग दादाजवळ गेली आणि त्याच्या श्वासाचा वास घेतला.

"आज तुमच्या बदल्यात भावजी पेले," ती म्हणाली. "उद्या कोन पेईन? मोह सरू द्या. सारी फुलं पडू द्या. तवा या मले न्याले."

परतताना दादानं सडकेचा फेरा धरला. मला मात्र तेव्हाही रानातूनच जावंसं वाटत होतं, आणि त्याची लाज अजून जात नाही. पेरणीआधी वहिनी आली आणि पुन्हा गेली नाही. पण त्या संध्याकाळी दादाला हे कुठं माहीत होतं? वळणावर तो थांबला आणि डोंगराकडे पाहत म्हणाला, "यंदा फुलं लवकर सरतीन का रे?"

"सरतीन," मी म्हणालो. झाडं कळ्यांनी लगडलेली होती.