बोटांनी सांगितलेलं नाव

ती हकीकत मी विसरलेलो नाही. निवृत्तीनंतर दुपारी जेवून आडवा झालो आणि डोळा लागत आला की कधी कधी एक पांढरी खोली दिसते. छतापासून जमिनीपर्यंत कापूस, त्यातून झिरपणारा उजेड आणि मधोमध बसलेली एक बाई. जाग आली की क्षणभर कळत नाही, हे मी पाहिलं होतं की स्वप्नात आलं. पाहिलं होतं. त्या तपासाचे कागद मीच तयार केले होते.

मी तेव्हा वर्ध्यात पोलीस निरीक्षक होतो. बोरगाव मेघेच्या पुढे, वस्ती संपून शेतं सुरू होतात तिथे, निराधार बायकांचा एक आश्रम होता. तिथल्या एका बाईला सगळे मुकी मावशी म्हणत. काही वर्षांपूर्वी ती देवळीच्या बसस्थानकावर बसलेली आढळली होती. नाव सांगेना, गाव सांगेना. कपडे नीटनेटके, नजर शहाणी, पण तोंडातून अक्षर नाही. पोलिसांनी तिला आश्रमात पोहोचवलं आणि ती तिथलीच झाली. अंगणात झेंडू लावायची, दुपारभर वाती वळायची.

त्या हिवाळ्यात आश्रमात आधार नोंदणीचं शिबिर झालं. कार्ड नसल्यामुळे बायकांना शिधा आणि निराधार योजनेचा लाभ मिळत नव्हता, म्हणून व्यवस्थापक बाईंनीच खटपट करून ते आणलं होतं. मावशीची बोटं मशीनवर ठेवली, तर मशीनने नवी नोंदणी घेतली नाही. या बोटांची नोंद आधीच झालेली होती. ऑपरेटरने जुनी नोंद शोधून काढली. पडद्यावर तिचं नाव आलं, गाव आलं, जुना फोटोही आला. गाव वर्धा नदीच्या पलीकडचं, दुसऱ्या जिल्ह्यातलं. आश्रमात टाळ्या वाजल्या. व्यवस्थापक बाईंनी त्या गावच्या सरपंचांना फोन लावला आणि दुसऱ्याच दिवशी तिचा दीर गाडी घेऊन हजर झाला. ओळखीचे पुरावे दाखवले, सही केली आणि तिला घेऊन गेला. स्थानिक वर्तमानपत्रात फोटोसह बातमी आली. आमच्या ठाण्यातही माहितीची नोंद झाली. मी त्या दिवसांत बंदोबस्तावर बाहेरगावी होतो. परत आल्यावर बातमी वाचली आणि मलाही बरं वाटलं.

त्यानंतर एका दुपारी आश्रमात स्वयंपाक करणारी बाई ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराने तिला तक्रार काय म्हणून विचारलं, तर तिला ती सांगता येईना. सारखं एकच म्हणत होती, "मोठ्या सायबाले भेटाचं हाय." मी आत बोलावलं. खुर्चीच्या टोकावर बसली.

"साहेब, ते मावशी मुकी नाई."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी तिच्याच खोलीत झोपतो ना. झोपेत बोलते ते. साफ बोलते."

"काय बोलते?"

"दार लावा म्हंते. तो आला, दार लावा." तिने पदराने तोंड पुसलं. "त्या दिवशी तिचा देर आला तं हातातली परात सोडून देल्ली तिनं. समदे म्हणे, आनंद झाला बाईले. मी होतो ना तिथं. आनंद असा नसते, साहेब."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"कोणाले सांगू? समदे फोटो काढून राह्यले होते."

सेवेत मी एक गोष्ट पाहिली होती. खोटी खबर देणारा माणूस सगळं सांगून टाकतो, कारणासकट. खरी खबर बहुधा अर्धीच असते आणि सांगणाऱ्यालाही तिचा अर्थ नीट कळलेला नसतो. या बाईने जेवढं ऐकलं, पाहिलं, तेवढंच सांगितलं. मी तिचा जबाब लिहून घेतला.

नदीपलीकडच्या ठाण्याला फोन करून मी एकच चौकशी केली. या नावाची बाई बेपत्ता असल्याची तक्रार तुमच्याकडे कधी दाखल झाली होती का? त्यांनी जुनं दप्तर पाहून कळवलं, नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. ज्याच्या घरातलं माणूस हरवतं तो ठाण्याच्या पायऱ्या झिजवतो, आमच्यावर ओरडतो, पोस्टर लावतो. या घरातली सून गेली आणि कोणी विचारायलाही आलं नाही. आणि ती सापडल्याचा फोन जाताच दुसऱ्या दिवशी गाडी दारात. मला ते जुळेना.

एका महिला हवालदाराला घेऊन मी सकाळीच निघालो. देवळी मागे पडली तसं धुकं दाट झालं. नदीच्या पुलावर पोहोचलो तेव्हा खाली पाणी दिसत नव्हतं, समोर काठ दिसत नव्हता. ड्रायव्हरने गाडी अगदी हळू घेतली. कुठून तरी बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता आणि बैल दिसत नव्हते. हवालदार बाई म्हणाली, "सर, झोपेतच चालल्यासारखं वाटतंय." मलाही तसंच वाटत होतं. पलीकडच्या ठाण्यातून त्यांचा एक माणूस सोबत घेतला आणि गावात शिरलो.

दीर घरीच होता. पन्नाशीचा, बोलायला गोड. खाट टाकली, चहा सांगितला. वहिनी कुठे आहे विचारलं तर म्हणाला, बहिणीकडे गेली. बहिणीचं गाव विचारलं तर चहा अजून का आला नाही ते पाहायला आत गेला. मी घाई केली नाही. अशा माणसाला आरोप ऐकवला की तो वकिलाची भाषा बोलू लागतो. घरातल्या साध्या गोष्टी विचारत राहिलं की तो सैल होतो.

मी विचारलं, "इतक्या वर्षांनी घर पाहून काय म्हणाली हो वहिनी?"

"काय म्हणीन ते? मुकी हाय बिचारी."

"मुकी कधीपासून?"

"जन्माचीच," तो म्हणाला. लगेच, न अडखळता.

तेवढ्यात कुंपणापलीकडे भांडी घासणारी एक म्हातारी हात थांबवून आमच्याकडे पाहू लागली. मी उठून तिच्याशी बोलायला गेलो. म्हटलं, "आजी, यांच्या वहिनी मुक्या होत्या का हो?"

"कोण? ते?" आजी हसली. "अवं, गावात लग्न असलं की आधी तिले बलावत. तिच्याएवढे गाणे कोणाले येत नव्हते."

मी वळून दिराकडे पाहिलं. तो खाटेच्या दोरीशी चाळा करत होता. गाणारी वहिनी इतक्या वर्षांनी मुकी होऊन परत आली, तर कोणीही माणूस चरकला असता. याला ते सोयीचं झालं होतं. मी त्याच्याजवळ बसलो आणि हळूच विचारलं, "जन्माची मुकी असं कोणाला सांगायचं ठरलं होतं?"

त्याने हातातली दोरी सोडली. मग म्हणाला, "रजिस्ट्री हाय उद्या."

पुढचं सांगायला त्याला फार वेळ लागला नाही. भाऊ वारल्यावर शेतीच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून वहिनीचं नाव चढलं होतं. हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा हवा होता. बाई मुकी आहे, अडाणी आहे, राजीखुशीने अंगठा देते, असं दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सांगितलं की काम झालं. बोलू शकणाऱ्या बाईला तिथे प्रश्न विचारले असते.

"कुठं आहे ती?"

त्याने शेताकडे हात केला.

धुकं वर चढायला लागलं होतं. शेताच्या टोकाला टिनाची एक खोली होती, बाहेरून कुलूप. पंचांसमक्ष कुलूप उघडलं. आत वेचलेला कापूस भरला होता, दाराच्या चौकटीपर्यंत. वरच्या फटीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात बारीक तंतू तरंगत होते. आधी काहीच हलताना दिसलं नाही. मग कापसाच्या ढिगातच ती दिसली. अंगाभोवती कापूस ओढून बसली होती, थंडीसाठी. मनगटावर दोरीचे वळ होते.

महिला हवालदार पुढे होऊन खाली बसली. म्हणाली, "मावशी, आम्ही पोलीस आहोत. तुम्हाला न्यायला आलो. तुम्ही म्हणाल तिथं."

ती तिच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मग गंज चढलेल्या कडीसारखा आवाज निघाला. "माह्या मनावर?"

"तुमच्या मनावर."

ती तशीच बसून रडली. आम्ही बाहेर थांबलो.

ठाण्यात तिचा जबाब घ्यायला संध्याकाळ झाली. तिला अधूनमधून शब्द आठवत नव्हते. नवरा गेल्यानंतर दिराने मारहाण सुरू केली. एके दिवशी त्याने आणि आणखी एकाने धरून तिचा हात शाईच्या डबीवर दाबला. तिने हिसडा दिला, कागद फाटला, आणि ती जी पळाली ती बस मिळेल तिकडे गेली.

"पण आश्रमात का बोलला नाहीत? तिथं तर कोणी शत्रू नव्हतं."

"एक शब्द बोलली असती तं लोकायनं दुसरा इचारला असता, साहेब. मंग नाव. मंग गाव." थोडं पाणी प्यायली. "पह्यले पह्यले लय जड गेलं. मंग सवय झाली. मंग बरं वाटे. जशी मी कोणाचीच नाई."

मग तिनेच मला विचारलं. "साहेब, त्या मशीनले माहं नाव कोणं सांगतलं?"

मी म्हणालो, "तुमच्या बोटांनी."

तिने दोन्ही हात पालथे केले, उताणे केले आणि बोटांकडे बघत राहिली.  माझं लिहिणं थांबलं.

परत आल्यावर ऑपरेटरला चौकशीला बोलावलं. तो घाबरला होता. "सर, मी तं चांगलंच केलं ना? हरवलेली बाई घरी गेली."

"तिला विचारलं होतं का, जुनी नोंद शोधू का म्हणून?"

"मुकी होती, सर. काय विचारणार?"

"बोटं स्वतः ठेवली का तिनं?"

 तो खाली बघत म्हणाला, "नाई. मूठ आवळली होती तिनं. मॅडम म्हणाल्या, घाबरते ती. त्यांनी बोटं सोडवली आन् मी दाबून धरली."

व्यवस्थापक बाई माझ्यासमोर रडल्या. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं, ऑपरेटरच्याही नव्हतं. त्यांनी कोणाकडून काही घेतलेलं नव्हतं. पण एखाद्याची माहिती त्याला न विचारता तिसऱ्याला देणं कायद्याला मान्य नाही, आणि मी तसा अहवाल वर पाठवला. ऑपरेटरचं काम गेलं. डांबून ठेवणं, मारहाण आणि फसवणुकीचा प्रयत्न यांबद्दल दिराला शिक्षा झाली. कोर्टात बाई स्वतः बोलली. जमीन तिच्याच नावावर राहिली, ती आता बटईने दिली जाते.

कुठे राहायचं ते तिने ठरवलं. त्या आश्रमात परत गेली नाही. जाण्याआधी महिला हवालदाराने तिच्या आधारच्या बोटांची खूण मोबाइलवरून बंद करून दिली, म्हणजे तिने स्वतः उघडल्याशिवाय ती कुठल्याच मशीनवर चालणार नाही. तशी सोय आहे, पुष्कळांना ठाऊक नसते. शिधा घेताना ती उघडावी लागते हे समजावलं, तर बाई म्हणाली, "उघडीन ना. कुलूप तं माहंच हाय."

मी या मशीनचा विरोधक नाही. तिच्यामुळे चुकलेली लेकरं आईबापांना मिळालेली मी पाहिली आहेत. पण पोलिसाला शोधायची सवय लागते, आणि शोध लागला की काम संपलं असं वाटतं. या प्रकरणानंतर माझ्या ठाण्यात मी एक पद्धत घातली. बेपत्ता प्रौढ माणूस सापडला की घरी फोन करण्याआधी त्यालाच विचारायचं, कळवू का? बहुतेक जण हो म्हणतात. काही जण म्हणत नाहीत. त्यांच्या घरच्यांना एवढंच सांगायचं, की सुखरूप आहे. शिव्या खाव्या लागतात. खायच्या.

निवृत्तीनंतर एकदा दारात एक तरुण बाई आली. शाळेत शिक्षिका होती. तिने ओळख सांगितली आणि मी सावध झालो. ती त्या दिराची मुलगी. म्हणाली, "काकूंनीच वाढवलं मले. बापानं जे केलं त्याचं मी काही म्हणत नाई. मले फक्त काकूंचा पत्ता द्या."

तिचे डोळे खरे होते. मला पत्ता ठाऊक होता. मी दिला नाही. तिचा नंबर घेतला आणि म्हणालो, त्यांना विचारून कळवतो.

त्याच संध्याकाळी मी मावशींना फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या. मग त्यांनी विचारलं, "अंगात भरली का ते? लहानपणी लय बारीक होती."

"चांगली आहे तब्येत. नोकरीला आहे."

"बरं झालं." त्यांनी कोंबड्यांना हाकललं. "पत्ता नोका देऊ, साहेब. आत्ता नाई. मले वाटीन तवा मीच करीन फोन."

मी पुतणीला जसंच्या तसं कळवलं. काकू बऱ्या आहेत, तुमची चौकशी केली, पण आत्ता नाही म्हणाल्या. मला वाटलं होतं ती वाद घालेल, रडेल. तिने एवढंच विचारलं.

"स्वतः नाई म्हणाल्या?"

"स्वतः."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज हसल्यासारखा वाटला. "आमच्या घरात असतानी त्याहिले कधी कोणं 'नाई' म्हणू देल्लं नाई."