खांद्यावरचा पट्टा

उंबरा ओलांडण्याआधी शेजारचे काका खांद्यावरचा बंदुकीचा पट्टा चाचपायचे आणि स्वतःलाच विचारायचे, "हाय ना?" मग चिकूच्या वाडीत पाऊल. तुमच्याही शेजारी असा एखादा असेलच, दहा वेळा कुलूप ओढून बघणारा. आमच्या चिंचणीतल्या या काकांचं कुलूप म्हणजे एकनळी बंदूक.

ती मुळात त्यांच्या वडिलांची, वाडीतली रानडुकरं हाकलायला परवाना काढून घेतलेली. काकांच्या नावावर झाली तरी बरीच वर्षं कपाटामागे धूळ खात होती. मग एका पहाटे त्यांचा कुत्रा गेला. अंगणात तुटलेली साखळी आणि ओल्या मातीत बिबट्याच्या पंजांचे ठसे. बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. काकांनी ती साखळी उचलली, बराच वेळ हातात धरली आणि आत जाऊन बंदूक काढली. ती परत कपाटामागे गेली नाही.

मग काय, नारळ पाडायला निघाले तरी खांद्यावर ती. विहिरीवर ती. न्हाणीच्या दाराबाहेरही तीच टेकवलेली. काकू वैतागायच्या. "वाघ येल नायतर नाय येल," म्हणायच्या, "ही मेली रोज घरात." मी जन्माची भित्री, पाल दिसली तरी शेजाऱ्यांना हाक मारणारी. त्या नळीचं तोंड चुकून माझ्याकडे वळलं की मी भिंतीआड सरकायचे.

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. तेवढे दिवस काका दिवे लागायच्या आत घरात, आणि दाराला आतून पाटा लावलेला. निवडून कोणीही येवो, ठाण्यातून हत्यार सोडवायला पहिला नंबर यांचा.

दर श्रावणात आम्ही शेजारीपाजारी गाडी करून हायवेपलीकडच्या अभयारण्यात देवीला जायचो. त्या वर्षी काकाही निघाले, बंदुकीसकट. फाटकावरच्या वनरक्षकाने हात जोडले, पण आत सोडलं नाही. अभयारण्यात हत्यार चालत नाही, गाडीत ठेवा किंवा परत जा, म्हणाला.

"वाघाला सांगितलाय काय हा नियम?" काका म्हणाले. आम्ही हसलो. काका हसत नव्हते. त्यांनी पट्टा मुठीत घट्ट धरला होता.

त्यांनी बंदूक गोणपाटात गुंडाळली आणि आम्हाला भातखाचरांच्या बाजूने, चोरवाटेने रानात नेलं. पकडले गेलो तर काय, या विचाराने मी सारखी मागे वळून बघत होते, पण एकटीने मागे फिरायचीही छाती नव्हती. पाऊस भुरभुरत होता. आत शिरताच त्यांनी गोणपाट सोडलं, काडतूस भरलं. "माज्या मागं चाला," एवढंच बोलले.

ओढ्याच्या अलीकडे ते थांबले. समोरच्या झुडपात काहीतरी तपकिरी, पाठ वाकवलेलं, हळूहळू सरकत होतं. मध्येच थांबे, पुन्हा सरके. काकूंनी माझं मनगट इतकं आवळलं की हात बधिर झाला. काकांनी बंदूक खांद्याला लावली. त्यांचं बोट चापावर गेलेलं मी पाहिलं. डोळे मिटून घ्यावेत असं वाटत होतं, पण मिटेनात.

तेवढ्यात त्या पाठीखालून एक हात बाहेर आला आणि त्याने वेलावरचं कंटोळं तोडलं.

डोक्यावर इरलं घेतलेली बाई होती. पानांचं ते इरलं आमच्याकडे पावसात प्रत्येक शेतावर दिसतं, काकांच्याही पडवीत एक टांगलेलं होतं. त्या क्षणी कोणालाच ते ओळखू आलं नाही. बाई वळली. तिने बंदूक पाहिली आणि इरलं टाकून पळत सुटली, ती थेट आमच्याकडे. काकांच्या पाठीमागे लपली. तिला वाटलं, वाघ आपल्या मागे आहे.

"कुठं हाय?" तिने कुजबुजत विचारलं.

काकांनी चापावरचं बोट काढलं. बंदूक खाली आली. "गेला," ते म्हणाले.

"तुमी होते म्हणून वाचले," बाई म्हणाली आणि ओटीतली कंटोळी तिने त्यांच्या ओंजळीत ओतली.

देवीला न जाताच आम्ही परतलो. गाडीत काका ती कंटोळी तशीच धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बंदूक ठाण्यात नेऊन दिली. हवालदाराने विचारलं म्हणे, काका, निवडणूक कुठे लागलीय? परत आणायला ते कधीच गेले नाहीत.

त्यांची भीती गेली असं मात्र समजू नका. उलट दुप्पट झाली. वाघाची होतीच, आता कोणीतरी माणसाला वाघ समजेल याची पण. वाडीत शिरताना ते मोठ्याने ओरडायचे, "माणूस हाय रे, माणूस!" कोणाचं तरी उत्तर आल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचे नाहीत. मी माझ्या मागच्या दारातून ओरडायचे, "ऐकलं, काका!" सुरुवातीला हसू यायचं. पुढे सवय झाली, आणि त्यांची हाक यायला उशीर झाला की मीच दारात जाऊन उभी राहायचे.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. अंथरुणात, झोपेतच.

परवा तिन्हीसांजेला काकूंसाठी भाकऱ्या घेऊन मी वाडीतून निघाले होते. चिकूखाली काहीतरी हललं. मी भाकऱ्या छातीशी धरून थांबले. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "माणूस हाय रे, माणूस!"

कोणी उत्तर दिलं नाही. मी तशीच उभी. मग पडवीतून काकूंचा रडवेला आवाज आला, "ऐकलं गं बाय. ये."