घोडी झिजली आहे

"चालाडी दखाडा," म्हणजे चालवून दाखवा, असं म्हणून तो डोळे मिटायचा आणि मान डावीकडे कलती करायचा. घोड्याकडे न पाहता, नुसत्या टापा ऐकून, कुठला पाय दुखतो ते तो सांगे. सारंगखेड्याच्या यात्रेत, तिथल्या घोडेबाजारात, त्याच्याभोवती गर्दी जमायची ती यासाठीच. तो नालबंद होता. खूर तासायचे, नाल ठोकायचे आणि पुढच्या गावाला निघायचं. चहासुद्धा तो अंगणात फेऱ्या मारत प्यायचा.

मुलांनो, तुमच्यातल्या थोरल्याने परवा लिहिलं, की त्याच्या विजेच्या गिटारच्या तारा फार खाली आल्या होत्या, त्या त्याने घरीच स्क्रू फिरवून वर घेतल्या. पत्र वाचता वाचता मला हा माणूस आठवला.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मी नंदुरबारला नवी सून होते. तुमचे आजोबा शाळेत मास्तर. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा झाला होता. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डावा हात मात्र दिवसभर गोधडी चिवडत राही. त्या हाताने आम्हा सगळ्यांची स्वस्थता घालवली होती. संध्याकाळी मी माहेरून आणलेली सतार घेऊन बसले, की तेवढा वेळ तो हात थांबे. मग सासूबाईही भिंतीला टेकून डोळे मिटत.

मार्गशीर्षात, ऐन यात्रेच्या दिवसांत, सतार बिघडली. तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या पट्टीला घोडी म्हणतात. तारांनी तिच्यात चर पाडले होते. सूर घोगरा, फुटका निघू लागला. मामंजींनी तो एकदाच ऐकला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. हात पुन्हा सुरू झाला, संध्याकाळीही थांबेना.

नवी घोडी मिरजेहून यायला महिने लागले असते. यात्रेत तमाशाचे फड येतात, त्यांच्यात वाद्यं दुरुस्त करणारा कुणी असेल, म्हणून मी सारंगखेड्याला ओळखीच्या गुरुजींना चिठ्ठी धाडली: "घोडी झिजली आहे. जाणता माणूस मिळाल्यास त्वरित पाठवावा." अक्षर वळणदार, विरामचिन्हं जागच्या जागी. 'सतार' हा शब्द तेवढा राहून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा. खांद्यावर नालांची पिशवी.

"घोडी कोठे शे?"

मी बोटभर लांबीची पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली. सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. तो हसला नाही, रागावलाही नाही. पट्टीवरून नख फिरवलं, तिचा वास घेतला.

"हाड शे. खूर बी असाच झिजस," तो म्हणाला. "चालाडी दखाडा."

मी घोडी बसवून तार छेडली. त्याने डोळे मिटले.

"लंगडी ऱ्हायनी," म्हणजे लंगडते आहे, असं त्याने सांगितलं.

पिशवीतून त्याने सगळ्यांत बारीक कानस काढली. जास्त घासली गेली तर सतार कायमची मुकी, असं मी त्याला बजावलं.

"खूर जास्ती तासा ते रगत येस, माय. माले माहीत शे."

दुपारपर्यंत तेच चाललं होतं. मी तारा सैल करून घोडी काढायची, त्याने दोनदा कानस फिरवायची, मी पुन्हा तारा चढवायच्या. तार वाजली की हा अंगणातून मामंजींच्या दाराशी जाई, परत येई. एका जागी उभा राहून ऐका, असं मी दोनदा सांगून पाहिलं. शेवटी त्याने कानस पिशवीत टाकली. मला अजून किंचित खरखर ऐकू येत होती. आणखी एकदा घासा, असा मी हट्ट धरला.

"मी तार नही ऐकी, माय. बाबाना हात दखा."

मी आत पाहिलं. मामंजींचा हात गोधडीवर निवांत पडला होता.

मामंजी पुढे तीन वर्षं होते. त्यांच्यानंतरही तो दर यात्रेला यायचा, उभ्याउभ्या एक तार ऐकायचा आणि निघायचा. एका वर्षी मी चुलीपाशी होते. गल्लीतून त्याची पावलं ओळखू आली, पण एक पाय हलका पडत होता. मी आतूनच विचारलं, "दादा, डावा पाय दुखतो का?"

पावलं थांबली. बाहेर येऊन पाहते तर तो पायरीवर बसलेला.

"आते तू बी नालबंद व्हई गयी," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने बसून चहा घेतला.

पुढच्या वर्षी तो आला नाही. यात्रेत चौकशी केली, तर कुणी म्हणालं अक्कलकुव्याकडे गेला, कुणाला काहीच ठाऊक नव्हतं.

सतारीला घोडी अजून तीच आहे. मार्गशीर्षात मी तारा बदलते, आणि पहिली तार छेडण्याआधी जरा थांबते. गल्लीत पावलं वाजतात. मी डोळे मिटून ऐकते. दोन्ही पाय सारखे पडत असतात. म्हणजे तो नव्हे.