मागून येणारी स्कूटी

हृदयातला व्हॉल्व्ह बदलल्यावर डॉक्टर म्हणाले, "सायकल चालवा, फक्त पडू नका." रक्त पातळ राहावं म्हणून मला रोज गोळी घ्यावी लागते. साधं खरचटलं तरी रक्त लवकर थांबत नाही, डोक्याला मार बसला तर विचारायलाच नको. मी मान डोलावली. शेजारी बसलेल्या बायकोने मात्र ते वाक्य घरी आणलं.

त्यातून स्कूटीची कल्पना निघाली. मी पुढे सायकलवर, ती मागे स्कूटीवर, गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत आणि परत. सायकलच्या वेगाने, तेही माझ्या आताच्या वेगाने, स्कूटी चालवणं सोपं नाही. गाडी डुगडुगते. बायको दोन्ही पाय खाली सोडून चपला रस्त्यावर घासत यायची आणि तो आवाज मला रस्ताभर ऐकू यायचा. त्यानंतर तिला घरी जाऊन डबे करायचे असत, मग ऑफिस.

पूर्वी ज्यांच्याबरोबर मी त्र्यंबकला सायकलने जायचो, ती मंडळी सोमेश्वरला टपरीवर भेटत.

"काय दादा, पायलट गाडी पुढे असते. तुमची मागे कशी?"

"वहिनी, सरळ टोचन बांधा ना यांना."

"नको, इंजिन नवीन आहे," बायको म्हणायची. "अजून पहिली सर्व्हिसिंग व्हायचीय."

सगळे हसायचे, मीही हसायचो. पण मला तिचा राग यायचा. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. जिने आयसीयूबाहेरच्या लोखंडी खुर्चीवर बसून दिवस काढले, माझ्या गोळीच्या पथ्यापायी घरात मेथी-पालक बेताने आणायला सुरुवात केली, तिचा राग. घरात शांतता असली की माझा व्हॉल्व्ह टिकटिकतो. जेवताना ती हातातला घास थांबवून ऐकते आणि म्हणते, "चालू आहे." ती गंमत करते, हे मला कळतं. तरी मला एखादा तास असा हवा होता, की तेव्हा माझ्याकडे कुणी बघत नाहीये.

वाटेत पाटाच्या कडेने एक कच्चा रस्ता फुटतो. गाड्या आत जाऊ नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी पाइप रोवलेत, सायकल तेवढी निघते. एका सकाळी त्याच्या अलीकडच्या चौकात पाण्याचा टँकर आडवा आला आणि स्कूटी त्याच्या पलीकडे राहिली. मी थांबायला हवं होतं. मी पाइपांमधून आत गेलो. फोन खिशात सायलेंटवर होता. तो चुकून राहिला नव्हता. घरून निघतानाच मी तसा करून ठेवला होता.

वाटलं होतं, मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. पाय जड झाले, तोंड कोरडं पडलं आणि थोड्याच अंतरावर मी एका बाभळीखाली उतरून बसलो. श्वास नीट होता, छातीत काही नव्हतं. नुसता थकवा. ऑपरेशननंतरचा हा थकवा सांगून कुणाला समजत नाही, झोपूनही जात नाही. उठावंसंच वाटेना.

परत आलो तेव्हा ती पाइपांशी उभी होती. स्कूटी कशीतरी रस्त्यातच लावलेली. फिरायला आलेल्या एका आजोबांना ती सांगत होती, "निळं हेल्मेट आहे. सावकाश चालवतात." आजोबांनी माझ्याकडे बोट केलं.

तिने आधी माझे गुडघे बघितले, मग कोपरं.

"पडलात?"

"नाही."

"मग फोन?"

राहिला सायलेंटवर, असं म्हटलं असतं तर तिने मानलंही असतं.

"मुद्दाम नाही उचलला," मी म्हणालो. "एकटं जायचं होतं."

"मग सांगायचं होतं मला."

"तू जाऊ दिलं असतंस?"

"नसतं दिलं. भांडलो असतो. तेवढंच ना?" ती स्कूटीकडे वळली, किल्ली फिरवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या टँकरच्या चाकांखाली वाकून बघितलं मी."

घरापर्यंत ती पुढे होती, मी मागे.

संध्याकाळी भाजी चिरताना म्हणाली, "उद्यापासून तुम्ही एकटेच जा." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

सकाळी तिने गजर लावलेला नव्हता. मी फोनचा आवाज मोठा केला आणि निघालो. फोन वाजला नाही. मागे रस्ता शांत होता आणि मी सारखा वळून बघत होतो. सोमेश्वर लांबच राहिलं, अर्ध्या वाटेतूनच परत फिरलो.

दार हळूच उघडलं. ती झोपली होती. तोंड किंचित उघडं, मुठीत फोन, आणि झोप इतकी गाढ की पंख्याच्या वाऱ्याने केस तोंडावर आले होते तरी तिला पत्ता नव्हता. कित्येक महिन्यांत तिला असं झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. किंवा ती कशी झोपते इकडे मी बघितलंच नव्हतं.

बूट काढून हातात घेतले आणि दाराशीच जमिनीवर बसलो. चहा हवा होता. पण भांड्यांचा आवाज झाला असता.