मांडीवरचा दगड

घाटाच्या चढावर आमची जुनी डिझेल पिकअप जनरेटरची ट्रॉली ओढताना धापा टाकत होती. स्टिअरिंगवर मी होतो. आरशात बायको दिसत होती, मागच्या चाकाशेजारून चालणारी, हातात भलामोठा दगड. गाडी थांबली की ती तो चाकामागे लावायची, हलली की उचलून पुन्हा चालायला लागायची.

गेल्या महिन्यात मीच गाडीच्या मिस्त्रीकडून इंजिनाच्या पंपातून येणारं डिझेल कमी करून घेतलं होतं. "अ‍ॅव्हरेज वाढेल, पण ओढ जाईल बघा," असं तो म्हणालाही होता. मी मात्र वाढलेलं अ‍ॅव्हरेज गावभर सांगत सुटलो. गाडीचा वाचवलेला जोर शेवटी कुणाला तरी लावावा लागतो, हे डोक्यातच आलं नाही. घरात तरी मी काय वेगळं करतो? आईचं आजारपण असो, पाहुणे असोत, चढ आला की मी बसतो गप्प आणि चाकामागे ही उभी असते. आरशात बघवेना.

माथ्यावर ती घामाघूम होऊन शेजारी येऊन बसली. दगड मांडीवर.

"टाक की आता तो," मी समोर बघतच म्हणालो.

पदराने दगडाची माती पुसत ती म्हणाली, "असू द्या. पुढं अजून चढ आहे."