सुट्टीवरचे गाल

वीरमरण आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज असतं, असं प्रमुख पाहुण्यांनी माईकवरून सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

आमच्या शेजारच्या सखूमावशींचा संतोष सीमेवर मारला गेला. शहरातल्या एका चित्रकाराने त्याचं तैलचित्र केलं होतं. जवानांची अशी चित्रं तो त्यांच्या घरी स्वतः नेऊन देतो. मावशींच्या अंगणात ठेवलेल्या चित्रावरचा पडदा बाजूला झाला. मावशींनी चष्मा पुसला, चित्राच्या अगदी जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "हा उपाशी दिसतोय."

"मावशी, ओळखपत्रावरच्या फोटोवरून काढलंय," चित्रकार म्हणाला.

"तो भरतीच्या वेळचा फोटो, बाबा. पळून पळून वाळला होता नुसता. सुट्टीवर आला की खाऊ घालून मी गाल वर आणायचे. ते गाल काढ. असा भिंतीवर ठेवलास तर मला घास जायचा नाही."

चित्रकाराने रंगांची पेटी उघडली आणि ओट्यावर बसला. मावशी शेजारी बसून सांगत राहिल्या, "अजून जरासं. हनुवटीपाशी पण."

चौकातले पुतळे पाहून मला नेहमी वाटतं, शूर माणसं कधी जेवतच नसावीत. सगळे ताठ, कोरडे आणि कुठेतरी बोट दाखवणारे. इथे ओट्यावर मात्र एक माणूस हळूहळू सुट्टीवर येत होता.

"हां," मावशी शेवटी म्हणाल्या. "आता जेवल्यासारखा दिसतोय."

पाहुण्यांनी गुलाबांचा मोठा हार आणला होता. रंग ओला असल्यामुळे तो घालता आला नाही.