काळ्या वटवाघळाचा तपास

ती संध्याकाळ अजून डोळ्यापुढून हलत नाही. पण सांगायची तर रीतसर सांगते. पंचनाम्यात आधी हजर माणसं लिहायची, मग बाकीचं. तर त्या दिवशी इथं आखातात, अल थुमामाच्या आमच्या कंपाऊंडमध्ये, म्हणजे एका भिंतीच्या आतल्या बंगल्यांच्या वसाहतीत, हजर होते ते असे. मी, रिटायर हवालदार. माझी नात, वय सहा. माझे जावई, ते साडेपाचला ऑफिसातून आले. समोरच्या व्हिलातली केरळची बाई आणि तिची मुलगी, वय सात. गेटवरचा नेपाळी वॉचमन. शेवटच्या व्हिलातली बाई. आणि पांढरी व्हॅन घेऊन आलेली एक पाहुणी बाई, तिच्यासोबत पाच पोरं. माझी लेक हॉस्पिटलात ड्युटीवर होती, म्हणून तिला हजर धरत नाही. नावं कोणाचीच घालत नाही. यातली बरीच माणसं अजून इथंच राहतात, रोज एकमेकांची तोंडं बघायची असतात.

मी सातवी शिकलेली. मी बोलते आणि लेक फोनवर टाईप करती. मध्येच म्हणती, "आई, हे वाक्य नीट नाही." मी म्हणते, राहू दे तसंच, जबाब सुधारायचा नसतो.

आमचे मालक पोलिसात शिपाई होते. ड्युटीवरच गेले. तेव्हा लेक दोन वर्षांची. मला अनुकंपेवर घेतलं, सातवीवर तेव्हा चालायचं. ठाण्यात पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, "बाई, जमंल का?" मी म्हणलं, न जमून कोणाला सांगू? रात्रपाळी असली की लेकीला ठाण्यातच बाकावर झोपवायचे. सुट्टीच्या दिवशी ब्लाऊज शिवायचे. तीस वर्षं अशीच काढली. हरवलेली पोरं हे काम नेहमी माझ्याकडंच यायचं, कारण बाई माणूस बघून पोरं कमी रडतात. किती शोधली ते मोजलं नाही. पण माझ्या स्वतःच्या हातून सुटलेलं पोर एकच, आणि ते माझ्याच घरचं.

हॅलोविन म्हणजे काय ते मला इथं आल्यावर कळलं. भुताखेताचे कपडे घालून पोरं घरोघर चॉकलेट मागत फिरतात. या देशात ते उघड चालत नाही, म्हणून रस्त्यावर करत नाहीत. कंपाऊंडच्या भिंतीच्या आत, गुपचूप, तीन तास. ग्रुपवर मेसेज आला होता, गेटबाहेर जायचं नाही, सातला खलास. नात मागं लागली, "आजी, आय वॉन्ट टू बी अ बॅट." म्हणजे वटवाघूळ. दुकानात होता तसला ड्रेस, पण तो नुसता प्लास्टिकचा, अंगाला घाम फुटंल असा. मी म्हणलं, मी शिवते.

जावयांची एक मोडकी काळी छत्री पडली होती. तिचं कापड सोडवलं, मधोमध कापलं, दोन्हीकडं पंख झाले. काड्या सगळ्या काढल्या, पडली तर डोळ्यात जातील म्हणून. खाली घेर घोट्याच्या वर ठेवला, पायात यायला नको. डोक्याला कान असलेली टोपी. लेकीनं मुखवटा आणलेला, तो मी कपाटावर टाकला. तोंड झाकायचं नाही म्हणलं, पोराला दिसलं पाहिजे आणि पोर दिसलं पाहिजे. जुन्या दप्तराची चमकणारी पट्टी काढून पाठीवर शिवली, गाडीवाल्याला दिसावी म्हणून. लेक म्हणाली, "आई, तू ड्रेस शिवतीस का बंदोबस्त लावतीस?"

बंदोबस्तच लावला होता मी. माझे गुडघे चालत नाहीत, म्हणून मधल्या बाकावर बसले. नात आणि समोरची मुलगी दोघी जोडीनं फिरणार. मुलीच्या अंगावर पांढरी चादर, डोळ्याला दोन भोकं पाडलेली, भूत म्हणून. त्या दिवशी निम्म्या पोरांनी चादरीच घातल्या होत्या, घरात असतातच त्या. मी दोघींना सांगितलं, पाच घरं झाली की येऊन बाकाला हात लावायचा. हजेरी. तीन वेळा आल्या, हात लावून पळाल्या. चौथ्या वेळी अंधारायला लागलं होतं. वटवाघूळ लांबून दिसलं, त्यानं पंख हलवला. मीही हात हलवला. म्हणलं, आली हजेरी.

जावई आले आणि म्हणाले, "आई, कुठंय ती?"

"आत्ता तिकडं होती. स्विमिंग पूलच्या बाजूला."

पूल म्हणल्यावर आम्ही दोघांनीही एकमेकांकडं बघितलं. जावई पळाले. मी काठी टेकत गेटवर गेले आणि वॉचमनला वर्णन सांगितलं. काळं वटवाघूळ, पाठीवर चमकणारी पट्टी. त्यानं ते शिपायासारखं पाठ म्हणून दाखवलं. ग्रुपवरही तेच गेलं. पंधरा-वीस माणसं काळं वटवाघूळ शोधायला लागली.

ठाण्यात मिसिंगची तक्रार घेताना आम्ही आधी उंची लिहायचो, मग रंग, बांधा, अंगावरची खूण. कपडे शेवटी. कारण कपडे बदलतात. तीस वर्षं हे दुसऱ्यांना शिकवलं, आणि स्वतःच्या नातीचं वर्णन देताना मी नुसते कपडे सांगितले. मी शिवले होते ना.

वटवाघूळ सापडलं. पूलच्या पंपाच्या खोलीमागं अंग चोरून बसलेलं. जावयांनी उचललं आणि जागीच थांबले. "आई, ही आपली नाही."

आत समोरची मुलगी होती.

तिची आई धावत आली आणि दंडाला धरून गदागदा हलवायला लागली. "बोल! किधर है वो? बोल जल्दी!" पोरगी ओठ घट्ट मिटून उभी. जावई इंग्लिशमधून विचारतायत, वॉचमन हिंदीतून. मी म्हणलं, सगळे मागं व्हा. चार जणांनी एकदम विचारलं की साक्षीदार बंद होतो. आणि जावयांना म्हणलं, "तुम्ही इथल्या पोलिसांना फोन लावा."

ते घुटमळले. "आई, थोडं थांबू या का? हॅलोविनचं इथं उगाच... उद्या व्हिसाबिसा..."

"जावईबापू, पोरगी आधी. लावा."

त्यांनी लावला.

मी खाली फरशीवर बसले. गुडघ्यानं ओरडून सांगितलं, तरी बसले. मोठं माणूस उभं राहून विचारतं तेव्हा लहान पोराला ते दम दिल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा 'ती कुठंय' हे विचारलंच नाही. तिला त्याचंच तर भ्या वाटत होतं.

"ये पंख टोचता है क्या?"

तिनं मान हलवली, नाही.

"मैंने तार निकाला ना, इसलिए. तेरेको बड़ा होता है या बराबर?"

"छोटा है," ती म्हणाली. तोंड उघडलं.

"तो पहना कायको?"

पुन्हा ओठ बंद. मग हळूच, "प्रॉमिस किया है."

"प्रॉमिस मत तोड़. उसका नाम मत बता. सिर्फ इतना बता, तेरा चद्दर अभी किसके ऊपर है?"

तिनं विचार केला. यात प्रॉमिस मोडत नाही असं तिला वाटलं असावं. "उसके ऊपर. लास्ट वाली आंटी बड़ा चॉकलेट देती है. एक बच्चे को एक. ड्रेस चेंज किया तो दो मिलता है ना! वो लेके आती बोली. मैं इधर रुकी. वो आयीच नहीं."

एवढंच होतं. एका जास्तीच्या चॉकलेटसाठी. माझी हजेरी चौथ्या वेळी चुकली ती तिथंच. पंख हलवला तो हिनं.

आता कळलं, वटवाघूळ शोधायचंच नव्हतं, पांढरी चादर शोधायची होती. आणि कंपाऊंडमध्ये पांढऱ्या चादरी कितीतरी. मी वॉचमनला म्हणलं, रजिस्टर आण. तो म्हणाला, "माताजी, बाहर कोई बच्चा अकेला नहीं गया. कसम से."

"अकेला नहीं गया, ठीक. किसके साथ गया वो बोल."

तो थांबला. खरं बोलणारा माणूस असा थांबतो, डोळे वर करून, आठवत. खोटं बोलणारा लगेच बोलतो. "सफेद वैन," तो म्हणाला. "मेहमान थी, लास्ट विला की. सफेद चद्दर वाले बच्चे थे. मैडम ने गेट पे मेरे सामने गिना. पाँच आये थे, पाँच गये."

"चद्दर गिना कि बच्चा गिना?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

तसेच गेटकडं गेलो आणि शेवटच्या व्हिलातल्या बाईला दारातूनच हाक मारली. पाहुणी तिची मैत्रीण निघाली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, द पर्ल भागात राहणारी. व्हॅनमध्ये तिची स्वतःची दोन आणि बहिणीची तीन पोरं. फोन लावला, स्पीकरवर ठेवला. ती गाडी चालवत होती. "माझ्याकडं पाचही आहेत, मी मोजलीत," असं इंग्लिशमध्ये म्हणाली, जावयांनी मला सांगितलं. थोडी रागावली पण.

मी जावयांना म्हणलं, "तिला म्हणावं, गाडी कडेला घे. आणि एकेकाच्या डोक्यावरची चादर काढ."

इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली. मग दार सरकल्याचा आवाज. मग काहीच नाही. आम्ही सात-आठ माणसं त्या फोनकडं बघत उभी होतो, शेजारचं कोणीतरी देवाचं नाव घेत होतं, कोणी इन्शाल्ला म्हणत होतं. मग त्या बाईची किंकाळी आली. "हू आर यू? ओ गॉड, हू इज धिस?"

जावई माझ्या पायाशी फरशीवर बसले. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

झालं असं होतं. त्या बाईचा धाकटा पोरगा उकाड्यानं वैतागून चादर काढून आधीच मागच्या सीटवर झोपला होता. शेवटचा व्हिला गेटला लागूनच, तिथं गाडीच्या दारात तिनं पांढरं पांढरं पाच मोजलं आणि "यल्ला यल्ला", चला चला, करत गाडीत कोंबलं. माझी नात तेव्हाच दुसरं चॉकलेट घेऊन वळली होती. चादर तिला लांब, भोकं घसरून कानावर आलेली, पुढचं काही दिसत नव्हतं. कोणीतरी हात धरला, ती गेली.

पोलिसांची गाडी आणि व्हॅन मागंपुढंच आल्या. पोलिसांतला एक तरुण अधिकारी सगळ्यांशी शांतपणे बोलला, लिहून घेतलं, पोरीला पाणी पाजलं. शुक्रन, म्हणजे आभार, म्हणून आम्ही हात जोडले. व्हॅनवाली बाई रडत माझ्या पाया पडायला निघाली. मी तिला उचललं. जावयांच्या तोंडून म्हणलं, बाई, तू चादर मोजलीस, मी पंख मोजला. तुझी-माझी चूक एकच.

नात आली ती मुठीत चॉकलेट घेऊन. ते वितळून कोपरापर्यंत ओघळलेलं. चड्डी ओली झाली होती. वीस मिनिटं ती त्या गाडीत अनोळखी पोरांच्या मध्ये, चादरीखाली, शब्द न बोलता बसली होती. शेजारच्या पोरानं नाव विचारलं तरी बोलली नाही. रडली तेही आवाज न करता.

घरी आंघोळ घालताना मी विचारलं, "अगं, ओरडायचंस ना. सांगायचंस ना, मी तुमची नाही म्हणून."

ती माझ्याशी एरवी इंग्लिशमधूनच बोलती, पण हे मराठीत बोलली. "आजी, तूच म्हणालीस ना, अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. नाव पण सांगायचं नाही. मी नाही सांगितलं."

शाबासकी मागत होती ती.

मी तिच्या अंगावर पाणी ओतत राहिले. ड्युटीत असताना शाळांमध्ये जाऊन मी हेच सांगायचे. पोरं रांगेत बसलेली, मी फळ्यापुढं उभी. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, नाव सांगायचं नाही. वर्गाच्या बाई टाळ्या वाजवायला लावायच्या. कितीतरी पोरांना मी गप्प बसायला शिकवून आले. बोलायचं कधी, ते सांगितलंच नाही.

लेक आठला ड्युटीवरून आली. कोणी दुसऱ्यानं सांगायच्या आत मीच सगळं सांगितलं, चौथ्या हजेरीसकट. ती एवढंच म्हणाली, "तू पोलीस होतीस ना, आई." आणि पोरीजवळ जाऊन झोपली. दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिचं बरोबर होतं. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "तिला काय शिकवायचं ते आता दोघी मिळून ठरवू."

ठरवलं. घरात तालीम घेतली, ठाण्यात परेड घ्यायचो तशी. जावई अनोळखी माणूस झाले, पोरीचा हात धरला. पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदा लाजली. पाचव्यांदा अशी ओरडली, "मी तुमची नाही! माझी आजी बाहेर आहे!" की समोरची केरळची बाई दार उघडून धावत आली. तिला सगळं सांगितलं, तर तिनं स्वतःच्या मुलीलाही आणून उभं केलं. आता दोघी ओरडतात.

हे वाचताय त्यांना माझं एकच मागणं आहे. पोराला चादर घाला, पंख लावा, काय हवं ते शिवा. पण घराबाहेर पाठवायच्या आधी त्याचा हात धरून, घट्ट धरून, त्याला एकदा तुमच्यावर ओरडायला लावा. शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. पहिल्या वेळी जमणार नाही. जमेपर्यंत करून घ्या.